मांजरपाटाची पिशवी

दुकानात शिरून पाऊण तास झाला तरी टाचणीचं ठरेना, आणि विक्रेत्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरायला लागला. तीन व्हॅक्युम क्लीनर तिच्यापुढे मांडून ठेवले होते. तिने तिन्ही उलटे करून पाहिले, वायर किती लांब आहे ते हाताच्या वितीने मोजलं, ब्रशचे केस ओढून पाहिले. एक तर आवाज ऐकायला म्हणून दोनदा चालू करायला लावला.

टाचणी हे गल्लीने ठेवलेलं नाव. बाई घरी शिवणकाम करायची, अंगाने काटकुळी, आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या. त्यामुळे बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला टोचायचंच.

"हे छोटं कसं वाटतं, मॅडम? हातात धरायचं, चार्जिंगवर पंधरा मिनिटं चालतं."

"पंधरा मिनिटांत माझी नुसती टेबलाखालची जागा होईल. पुढचं?"

"हे मधलं. यात आत कागदी पिशवी असते. भरली की फेकायची, नवी लावायची. तीन पिशव्या सोबत मिळतात. आणि हे मोठं. याच्या मागून जी हवा बाहेर येते ती दोनदा गाळून येते. बारीकातली बारीक धूळसुद्धा आतच राहते."

मोठ्याची किंमत मधल्याच्या दुप्पट होती. टाचणीने किमतीची चिठ्ठी एकदा वाचली, उलटी करून पाठ वाचली, पाठीवर काहीच नव्हतं.

खरं तर तिला स्वतःसाठी काही नको होतं. सगळा जीव टांगणीला लागला होता तो सासूबाईंच्या छातीपायी. घराची पुढची खोली म्हणजेच तिचा कारखाना: दोन शिलाई मशिनी, कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, कापायचं मोठं टेबल. दिवसभर कापडाचे बारीक तंतू हवेत उडायचे. त्याच खोलीत खिडकीशी बसून सासूबाई बटणं लावायच्या, काजं करायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शेरे मारायच्या. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा घर म्हणजे या दोघीच. लग्न होऊन आली तेव्हा टाचणीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मापं, कात्री, मशीन, सगळं सासूबाईंनी शिकवलं, तेही बोटावर पट्टी मारून. आई लहानपणीच गेलेल्या टाचणीला त्या पट्टीचासुद्धा राग आला नाही.

आता सासूबाईंना दमा जडला होता. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. "झाडू बंद करा. झाडल्याने धूळ जात नाही, नुसती उडते. बारीक धूळ धरून ठेवेल असं मशीन घ्या. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर आजींना त्या घरात ठेवू नका."

नणंद शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ऐकलंस ना, वहिनी? तीन आठवडे. नाहीतर आईला मी घेऊन जाणार. आणि मग परत पाठवायची नाही."

नणंद वाईट नव्हती हो. तिचं घर मोठं, लख्ख, पण दिवसभर रिकामं. तिथे सासूबाई करणार काय? "मला शोकेसमध्ये मांडून ठेवेल ती," असं म्हणून त्या हसल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांनी एकच बटण तीनदा उसवून लावलं.

विक्रेत्याने घड्याळाकडे पाहिलेलं टाचणीने पाहिलं. तिने मधल्या मशीनचं झाकण उघडायला लावलं, आतली पिशवी बाहेर काढली आणि बोटांत धरून चोळली. मग शिवण पाहिली. शिवण कसली, नुसती चिकटवलेली! तोंडाला एक पुठ्ठा, त्याला भोक, बस्स. एवढ्यासाठी दर वेळी पैसे मोजायचे? अगं बाई, ही तर मी डोळे मिटून शिवेन, तिच्या मनात आलं, आणि तिथेच तिचं ठरलं.

"हे मधलं द्या."

"घ्या ना. पण मॅडम, पिशवी कंपनीचीच लावा. या मशीनमध्ये सगळी करामत पिशवीची आहे."

"तुम्ही विकणार म्हटल्यावर असंच सांगणार," टाचणी म्हणाली. बिचाऱ्याने बिल फाडायला घेतलं. खरं बोलला होता तो, पण दुकानात खरं बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतो?

पहिले पंधरा दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. टाचणी सकाळी एकदा आणि काम आटोपल्यावर एकदा मशीन फिरवायची. टेबलाच्या पायांमधून, पडद्यांवरून, सासूबाईंच्या गादीवरून. सासूबाई उशांना टेकून बसून झोपायच्या, त्या आडव्या झोपायला लागल्या. त्यांचा आवाज चढला, शेरे वाढले. "कॉलर बघ, कुणाच्या मानेला बसणार ती? बदकाच्या?" टाचणीला ते बोलणं औषधापेक्षा गोड वाटायचं.

पण शिवणकामाच्या घरातला कचरा तो. दर पाच दिवसांनी पिशवी फुगायची, आणि पंधराव्या दिवशी तिसरीही भरली. नव्या पिशव्यांच्या पाकिटाची किंमत विचारली, तर तीन गणवेशांची शिलाई त्यात जात होती. टाचणीने फोन ठेवला आणि कपाटातून उरलेला मांजरपाट काढला. जाड, घट्ट विणीचा. दोनदा धुवून आटवून घेतला. जुन्या पिशवीचा पुठ्ठा कापून तोंडाला बसवला, कडेने दुहेरी टीप मारली, खाली नाडी ठेवली. भरली की नाडी सोडायची, झटकायची, धुवायची, पुन्हा लावायची. पिशवी आत अशी बसली की जणू कारखान्यातूनच आली.

सासूबाईंनी चष्मा लावून टीप तपासली. दोन्ही बाजूंनी. "सरळ आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पदकच. टाचणी दिवसभर हवेत होती. गल्लीतल्या दोघींना तिने मशीन उघडून पिशवी दाखवली, आणि असल्या पिशव्या शिवून विकाव्यात असंही तिच्या मनात येऊन गेलं.

विसाव्या दिवशी, म्हणजे नणंद येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी टाचणीने एका गिऱ्हाइकाच्या जाकिटासाठी आणलेली काळी मखमल टेबलावर पसरली. खडूने आखण्याआधी जमीन साफ करावी म्हणून मशीन टेबलाच्या टोकाशी, खुर्चीवर ठेवलं आणि पाइप घेऊन खोलीभर फिरली. परत येऊन पाहते तो काय, मशीनच्या पाठीमागे मखमलीवर करड्या रंगाचा पट्टा उमटलेला! मशीनपाशी अरुंद, पुढे पसरत गेलेला. तिने बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक धूळ लागली.

तिने मशीन पुन्हा चालू केलं आणि मागच्या जाळीसमोर काळा तुकडा धरला. दहा मोजेपर्यंत तो करडा झाला. मांजरपाट धागे अडवत होता, केस अडवत होता, टाचण्या अडवत होता. आणि जी धूळ डोळ्यांना दिसत नाही, जी छातीत जाते, तीच नेमकी गाळून खोलीभर फवारत होता. पाच दिवस. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सासूबाईंच्या गादीवरूनसुद्धा.

"आई!" तिने हाक मारली. खिडकीशी कुणी नव्हतं. न्हाणीघरात नळ सोडलेला होता. आत्ता तिच्या लक्षात आलं, हल्ली नळ फार वेळ सुरू असायचा. तिने दार ढकललं. सासूबाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, तोंडात टॉवेलचा बोळा धरून खोकत होत्या. नळाच्या आवाजात खोकला बुडावा म्हणून.

"कधीपासून?"

सासूबाईंनी चार बोटं दाखवली, मग अंगठाही उघडला.

"आणि बोलला नाहीत? अहो आई, एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलले असते," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "तर नेलं असतं तिने." मग पुढचा श्वास घ्यायला त्या वाकल्या आणि तो आत जाईचना. छातीतून नुसती शिट्टी वाजायला लागली. ओठांचा रंग बदलला.

टाचणीने दम्याचा पंप आणला, तोंडाला लावला, दाबला. एकदा, दोनदा. घाईत पंप दाताला लागला. "घ्या, आई, घ्या ना आत, घ्या," ती पाठ चोळत राहिली आणि मोकळ्या हाताने तिने नणंदेला फोन लावला. जिने सासूबाईंना नेऊ नये म्हणून हे वीस दिवस सगळी धडपड, तिलाच. त्या क्षणी दुसरं कुणी आठवलं नाही.

नणंद डॉक्टरांना घेऊनच आली. इंजेक्शन झालं, वाफ झाली. तासाभराने सासूबाईंच्या ओठांना रंग आला. डॉक्टर गेल्यावर नणंदेने विचारलं, "झालं काय एकदम? मागच्या आठवड्यात तर बरी होती."

"जिना," सासूबाई पटकन म्हणाल्या. "गच्चीवर गेले होते. भरभर चढले. माझीच चूक."

आणि त्यांनी टाचणीकडे पाहिलं. गप्प बस, असं ते पाहणं होतं. वीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी तिला वाकडी टीप उसवायला लावली, तीच नजर. एवढंच करायचं होतं, मान हलवायची होती. नणंदेने विश्वास ठेवला असता. कंपनीच्या पिशव्या उद्याच आणल्या असत्या, आणि सासूबाई खिडकीशी राहिल्या असत्या. पुढे पुन्हा कधी पैशाच्या चणचणीत आपण काय करू, हे मात्र टाचणीला ठाऊक होतं. स्वतःची काटकसर ती ओळखून होती, आणि पहिल्यांदाच तिला त्या काटकसरीची भीती वाटली.

"जिना नाही, ताई," ती म्हणाली. "मशीनला मी घरी शिवलेली पिशवी लावली. पैसे वाचवायला. पाच दिवस मी यांच्या तोंडावर धूळ उडवतेय. घेऊन जा तुम्ही यांना."

"अगं ए!" सासूबाई कडाडल्या आणि त्यांना खोकला आला. "मला विचारलंस?"

"नाही विचारलं."

नणंद रागवेल, वाटेल ते बोलेल, यासाठी टाचणी तयार होती. नणंद सरळ कपाटाकडे वळली. तिने आईच्या साड्या पिशवीत भरल्या, औषधं वेगळी घेतली. निघताना सासूबाई सुनेकडे न बघता, तिच्या बाजूने गेल्या. गाडीचं दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. नणंद होती. "वहिनी, आई रात्रभर आडवी झोपली. एकदासुद्धा खोकली नाही."

"देवा," टाचणी म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याच वेळी रडू आवरेना. म्हणजे खरंच या खोलीतच होतं सगळं. मशीन कुठलंही आणलं असतं तरी कात्री इथेच चालणार होती, कापड इथेच फाडलं जाणार होतं.

पलीकडे काहीतरी हललं आणि सासूबाईंचा आवाज आला. घरघर नव्हती, स्वच्छ होता.

"इथे खिडक्या मोठ्या आहेत गं. पण बाहेर बघायला कुणी जात-येत नाही."

"हो, आई."

"ते जाऊ दे. मला न्यायला कधी येतेस?"

टाचणीने डोळे पुसले. वीस वर्षं झाली ती गिऱ्हाइकांना तारखा देत होती. कापड कात्रीला लागलेलं नसतानाही दारातल्या माणसाच्या डोळ्यांत बघून "परवा या, तयार असेल" म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आता तिने तोंड उघडलं, एक वार मनात धरला, मग दुसरा, आणि फोन कानाला तसाच धरून बसून राहिली.

"ऐकतेयस ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी कधी येऊ ते सांग."