‘येतंय’ नावाचं बटण

आमच्या मालवणात घरातून निघताना ‘जातंय’ म्हणत नाहीत. म्हटलंत तर म्हातारी माणसं ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ म्हणून अंगावर येतात. कोथिंबिरीची जुडी आणायला निघालात तरी ‘येतंय’च म्हणायचं.

दोन हजार सहाच्या सुमारास बाजारात माझं इंटरनेटचं दुकान होतं आणि मी लग्नं जुळवायची एक वेबसाइट केली होती. तिच्यातून बाहेर पडायच्या बटणावर मी ‘येतंय’ असंच लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण अंगात कला फार! येतंय म्हणून गेलेला माणूस परत आला की त्याला सोडल्या पानावरच नेऊन बसवायचं, म्हणून ते पान मी कॉम्प्युटरला लक्षात ठेवायला लावलं. पुस्तकात तसंच दिलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याकडे माणशी एक कॉम्प्युटर असणार. माझ्या दुकानात अख्ख्या बाजाराला मिळून एक.

आई गेल्यापासून आमचं घर आत्या ओढत होती. मासे विकायची, रांधायची, मला आणि बाबांना शिव्या घालायची. तिच्या लग्नाचं निघालं की बाबा म्हणायचे, ‘शिमगो होवंदे, मगे बघूया.’ असे किती शिमगे झाले देव जाणे.

एका दुपारी ती रिकामी पाटी घेऊन दुकानात आली. ‘तुझ्यासाठी चेडू बघतंय,’ म्हणाली आणि मलाच दारात उभं केलं. काम झाल्यावर ‘येतंय’ दाबून उठली, तेवढ्यात बाबा हजर. त्यांनाही माझ्यासाठी मुलगीच बघायची होती. त्यांच्या नावानं वेबसाइट उघडली, तर पडद्यावर रेडी गावचा एक बिजवर. चांगला मिशीवाला.

‘मेल्या,’ बाबा ओरडले, ‘तुका चेडू नको, न्हवरो होयो?’

नंबर लावून बसलेली माणसं खो खो हसली. मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

‘मशीन बरा आसा,’ आत्या म्हणाली. ‘मीच बघलंय त्येका.’

हसणं बंद. बाबा तिच्याकडे वळले.

‘ह्या वयात? आणि घर कोण बघतलो?’

‘इतकी वर्सां घर बघलंय. आता न्हवरो बघतंय.’

बाबा चपला दुकानाबाहेरच विसरून तरातरा घरी गेले. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ती चूक दुरुस्त केली. आता पान ज्याचं त्याच्या नावावर राहायचं. आत्याचं पान मात्र रेडीवरून हललं नाही. ती रोज दुपारी येऊन खात्री करायची, आणि शेवटी बाबांनाच रेडीला बोलणी करायला जावं लागलं.

लग्न झालं. गाडी सुरू झाली तरी बाबा खिडकी धरून लहान मुलासारखे रडत होते.

‘येतंय म्हण गो,’ ते म्हणाले.

आत्याने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

‘नाय रे,’ म्हणाली. ‘जातंय.’

दारात म्हातारी माणसं उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही.