निवेदनातलं शेवटचं वाक्य

"बाई, व्हिएतनाम कुटं हाय?" असं अक्कांनी मला विचारलं, तेव्हा मी नुकतीच शाळेतून आले होते. त्या आपल्या दारात बिड्या वळत बसल्या होत्या. सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या घरासमोरच त्यांचं घर. त्यांची माणसं तेलुगू बोलणारी, आम्ही घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारे. अक्का माझ्याशी मराठीत बोलायच्या, आणि रागावल्या की तेलुगूत.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नोकरीला दीड वर्ष झालं होतं. व्हिएतनाम मला नकाशावर दाखवता येत होता, त्यापलीकडे वर्तमानपत्रात वाचलं तेवढंच ठाऊक होतं. मी विचारलं, "का हो अक्का?"

"शनवारी मोर्चा हाय बिडी युनियनचा. कलेक्टर कचेरीवर. तितं लढाई चाललीय, ती बंद करा म्हणून. आमाला या म्हणालेत. पण मी इचारलं, कुनाची लढाई, कशापायी? तर पुढारी म्हनले, साम्राज्यवाद. आता मला सांगा, न समजता वरडायला मी काय पोपट हाय?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आशिया खंडाचा नकाशा गुंडाळून घरी आणला आणि अक्कांच्या अंगणात भिंतीला लावला. बारा-तेरा बायका जमल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात थांबत नव्हते, डोळे मात्र नकाशाकडे होते. मी सोलापूर कुठे असेल तिथे खडूनं ठिपका काढला, मग बोट पूर्वेकडे सरकवत नेलं. तो एक देश आहे, त्याचे दोन भाग झालेत, उत्तर आणि दक्षिण. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी लढताहेत. दक्षिणेच्या बाजूनं अमेरिकेनं आपली फौज घातली आणि आता ती विमानांतून उत्तरेवर बॉम्ब टाकते. एवढं मी सांगितलं.

"म्हंजे भाऊभाऊ भांडताहेत," एकजण म्हणाली, "आन शेजारचा बंदूक घेऊन आत शिरला."

"शेजारचा कुठला? लई लांबचा," अक्का म्हणाल्या.

अक्कांची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिला दिसत कमी होतं, पण बोटं अजून दिवसाला पुष्कळ बिड्या वळायची. ती तेलुगूत काहीतरी बोलली. अक्कांनी मला मराठीत सांगितलं, "सासूबाई म्हनतेत, मागच्या वर्सी बांगलादेशात आपली फौज गेलती की. तितं पन भाऊभाऊच भांडत हुते. आपन गेलेलं चालतंय, त्यानी गेलेलं का नाय?"

मी म्हणाले, "तिथली माणसं जीव वाचवायला आपल्याकडे पळून आली होती. लाखांनी. त्यांनीच आपल्याला बोलावलं."

म्हातारीनं लगेच मराठीतच विचारलं, "अमेरिकेला बी तितल्या कुनीतरी बोलावलंच आसंल की?"

"उद्या सांगते," असं म्हणून मी नकाशा काढला. वर्गातल्या मुलींना मी कधी असं म्हटलं नव्हतं.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता भूगोलाचा नव्हता, कारण माझा मोठा भाऊ बांगलादेशच्या लढाईतून परत आला होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. तो पायदळात होता. पूर्वेकडच्या आघाडीवर सुरुंगावर पाय पडून त्याचं डावं पाऊल गेलं. तो घरी आला तेव्हा पेठेनं त्याला उघड्या जीपमधून मिरवलं होतं आणि अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आपल्या डाळीच्या दुकानात त्याचा जीपमधला, गळ्यात हार असलेला फोटो लावला होता. अण्णा दुपारभर त्या फोटोखाली स्टुलावर बसायचा. गिऱ्हाइकं लढाईबद्दल विचारायची आणि तो हसून विषय बदलायचा.

त्या संध्याकाळी जेवताना मी मोर्चाला जाणार असल्याचं बोलले. अप्पांचा हात ताटातच थांबला.

"ज्याला गावानं जीपमधून मिरवलं, त्याच्या बहिणीनं लढाईविरुद्ध ओरडत फिरायचं? लोक काय म्हणतील?"

"आपल्या लढाईविरुद्ध नाही, अप्पा."

"लोकांना एवढं कळतं होय? तू जायचं नाहीस." ते जेवण अर्धवट टाकून उठले. आई एवढंच म्हणाली, "जेवताना कशाला काढलंस ग."

मी आणि अण्णा अंगणात येऊन बसलो. मी त्याला म्हातारीचा प्रश्न सांगितला.

"पुन्हा पाठवलं तर मी पुन्हा जाईन," तो म्हणाला. "आम्ही गेलो ते बरोबरच होतं. मी तिथं काय पाहिलं ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट सांगतो, घरात बोलू नकोस. एका गावात आमचं फुलं टाकून स्वागत झालं. त्याच गावात, त्याच दिवशी, तीच माणसं एका म्हाताऱ्याला ओढत नेत होती. तो बंगाली बोलत नव्हता, उर्दू बोलत होता, म्हणून पाकिस्तानच्या बाजूचा असं ती म्हणत होती, एवढंच मला कळलं. आमच्या सुभेदारांनी त्यांना अडवलं. म्हाताऱ्याला शाळेच्या खोलीत बसवलं. सकाळी आम्हाला पुढं जायचा हुकूम आला."

"मग?"

"मग आम्ही पुढं गेलो. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही." त्यानं पाय लांब केला. "फौज कुणाच्या घरात शिरली की असं काहीतरी राहून जातंच. चांगल्या कामाला गेली तरी. म्हणून काम झालं की निघायचं. आम्ही निघालो. अमेरिका इतकी वर्षं निघत नाही. तुझ्या बायांना एवढं सांग."

मी दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगितलं. उर्दू बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं सांगितलं नाही. अक्कांच्या सासूनं मान वळवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग कागदात तसं लिहा."

कलेक्टर कचेरीत द्यायचं निवेदन युनियनच्या पुढाऱ्यांनी आधीच लिहून पाठवलं होतं. खाली सह्या आणि अंगठे घ्यायचे होते. म्हातारी म्हणाली, आपली फौजसुद्धा कुणाच्या घरात राहू नये, असं त्यात असेल तरच मी अंगठा देईन. पुढारी समजावायला आले. स्वभावानं भले, पण कायम घाईत असायचे. "आजी, हा मोर्चा अमेरिकेविरुद्ध आहे. ते वाक्य इथं बसत नाही," ते म्हणाले. म्हातारीनं अंगठा पदरात गुंडाळून घेतला. ते पाहून आणखी तिघी-चौघींनी हात मागे घेतले.

पुढाऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "बाई, तुम्हीच लिहा काय ते."

मी अगदी खाली, उरलेल्या जागेत लिहिलं : "कोणत्याही देशाची फौज, आमची असली तरी, दुसऱ्याच्या घरात राहू नये." मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं अंगठा शाईत बुडवला.

शनिवारी मी मोर्चात गेले. अप्पांचा शब्द मोडायची ती पहिलीच वेळ. बायका सव्वाशे-दीडशे असतील, मागे गिरणीतले कामगार. घोषणा मराठीत, तेलुगूत, थोड्या दखनी उर्दूत. दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्यावर धूळ इतकी की पुढची ओळ पुसट दिसायची. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "अमेरिकेची मिलो खाता आणि अमेरिकेलाच शिव्या देता काय ग?"

ते खोटं नव्हतं. त्या वर्षी रेशनवर तांबडी परदेशी ज्वारी मिळत होती, तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी तुटायची, चव लागायची नाही, पण त्याच भाकरीवर पेठ जगत होती. माझ्या शाळेत मुलींना मिळणारं पावडरचं दूधही तिकडचंच होतं. माझी मान खाली गेली. अक्का मात्र थांबल्या.

"धान्य दिलं म्हनून आमचं तोंड विकत घेतलं काय?" त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

मोर्चा अप्पांच्या दुकानावरून गेला. अप्पा तराजू धरून उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि पुन्हा डाळ तोलायला लागले. अण्णा स्टुलावर होता. त्यानं हात वर केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

कचेरीत एका कारकुनानं कागद घेतला. "हे पुढं कुणाला पाठवायचं?" त्यानं प्रामाणिकपणे विचारलं.

"बॉम्ब टाकतेत त्यास्नी," अक्का म्हणाल्या. त्यानं शिक्का मारून पोच दिली. आम्ही परत आलो.

पुढच्या आठवड्यात मला आमच्या शिक्षणसंस्थेच्या सेक्रेटरींकडून बोलावणं आलं. कुणीतरी पोचवलेली निवेदनाची नक्कल त्यांच्या टेबलावर होती. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"आमची असली तरी? म्हणजे आपल्या जवानांना तुम्ही अमेरिकेच्या रांगेत बसवता? मुलींना काय शिकवणार तुम्ही?" त्यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला.

मी घरी येऊन रडले. खुलासा दोनदा लिहिला, दोनदा फाडला. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते, पण त्यांनी आईला विचारल्याचं मला ऐकू आलं, "नेमकं लिहिलंय तरी काय तिनं?" आईनं अण्णाला विचारलं. मी अण्णाला वाक्य लिहून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"उद्या मी येतो," तो म्हणाला.

तो गणवेश घालून आला. गणवेश घालून ये असं मी त्याला कधी सांगितलं नसतं. सेक्रेटरी खुर्चीतून उठले, त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. अण्णा बसला नाही.

"साहेब, ह्या वाक्यात चुकीचं काय आहे ते मला दाखवा," तो म्हणाला. "आम्ही राहिलो नाही तिथं. काम झालं, परत आलो. माझा पाय तेवढा तिथं राहिला. जवानाचा अपमान झाला असेल तर तो मी सांगायचा ना?"

सेक्रेटरींनी नक्कल बाजूला ठेवली. खुलासा लिहावा लागला नाही. पण महिन्याभरात माझी बदली झाली, संस्थेच्या अक्कलकोट रोडवरच्या दुसऱ्या शाळेत. कारण लिहिलं होतं "सोयीसाठी". कुणाच्या सोयीसाठी ते मी विचारलं नाही. तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या मुली यायच्या. भूगोल शिकवायला शिक्षकच नव्हता. मी तिथे पुढं अकरा वर्षं राहिले, आणि ती माझी चांगली वर्षं होती.

बदलीचा कागद घरी आला त्या दिवशी अप्पा महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "लांब पडेल," एवढंच म्हणाले.

उन्हाळा लागता लागता रेडिओवर बातमी आली की अमेरिकेची फौज व्हिएतनाममधून परत गेली. तिथल्या माणसांची आपसातली लढाई संपली नव्हती, ती आणखी दोन वर्षं चालली. पण त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. आमच्या निवेदनानं काही झालं असं मला वाटलं नाही. ते बहुधा कचेरीतल्याच एखाद्या फायलीत असेल.

अण्णा रेडिओजवळ बसून होता. मला वाटलं, तो माझ्याकडे पाहून हसेल. तो म्हणाला, "त्यातली किती पोरं चालत घरी गेली असतील?"

"कुठली पोरं?"

"अमेरिकेची. तिकडं भरती सक्तीची. त्यांना तरी कुणी विचारलं होतं, जाता का म्हणून."

हा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता. मी काही म्हणणार तेवढ्यात अप्पांनी आतून हाक मारली. पानं वाढली होती, आणि अप्पांना जेवायला थांबून राहणं आवडत नसे. अण्णानं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आम्ही आत गेलो.