पडलेल्या सैनिकाचा फोटो

आमच्या जवळच्या गडाच्या पायथ्याशी दरवर्षी जुन्या लढाईचा देखावा करतात. यंदा मी नवा कॅमेरा घेऊन गेलो आणि शत्रूकडच्या एका मेलेल्या सैनिकाला, लग्नकार्यातल्या सवयीने, "जरा हसा की" म्हणालो. तो हसला. शेजारचे दोन मुडदेही हसले.

लढाई संपल्यावर तो माती झटकत आला. "काका, फोटो पाठवा हं. आईला दाखवायचाय, तिला गुडघ्यांमुळे येता येत नाही. शत्रू व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून दरवर्षी मीच मरतो."

घरी आलो तरी मला चैन पडेना. दोन फोटो होते. एकात तो हसत होता, दुसऱ्यात इतका निपचित पडला होता की खराच गेलेला वाटावा. तोच झकास आला होता. पायथ्याच्या त्या माळावर जुन्या लढाईत जे खरेखुरे पडले, त्यांतले आपले तेवढे पोवाड्यात राहिले. पलीकडच्यांच्या आयाही वाट बघत बसल्या असतील, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. आता आलं, तरी पाठवायला बोट निपचित फोटोवरच जात होतं.

बायकोने चष्मा लावून दोन्ही पाहिले. म्हणाली, "झकास कुठला ते तुम्ही ठरवा. आईला मात्र हसणारा पाठवा."