दात एक जूनपर्यंत थांबत नाही

गाव सोडलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मित्रा सहा महिन्यांची. १९८९चा उन्हाळा. परतूरच्या एस.टी. स्टँडवर आमचं सामान म्हणजे दोन गोण्या, एक पत्र्याची पेटी आणि मायच्या कडेवर मित्रा. गाडी लागली तसा मामा धावत आला आणि कुणाशी न बोलता त्यानं मित्राचा ओठ अंगठ्यानं वर उचलला. आठवड्यापूर्वी तिला पहिला दात आला होता. वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, असं आमच्याकडं म्हणतात.

"खालचा हाय गं बाई! वाचलो!" मामा ओरडला. सगळा स्टँड हसला. मायही हसली, रडत रडत. मामानं मित्राच्या तोंडात साखरेची चिमूट घातली आणि गाडी निघाली.

मागं राहिलेल्यांनो आणि आमच्यासारखं निघून आलेल्यांनो, त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं मित्राच्या तोंडात कुणीही नीट पाहिलं नाही. दात आला, मामा वाचला, विषय संपला. आमच्यात लेकराच्या दाताची पहिली तपासणी होते ती मामाच्या जिवासाठी, लेकराच्या नाही. हे मी आज पत्रकात लिहिते तेव्हा लोक म्हणतात, ताई, परंपरेवर कशाला घसरता? घसरते. मी तिथं होते.

आबांना भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम लागलं होतं. तिथंच गोडदेवला एका आगरी बाईची खोली भाड्यानं मिळाली. तिला सगळी चाळ मावशी म्हणायची. एका बाजूला रत्नागिरीचे लोक, दुसऱ्या बाजूला गुजराती, समोर यूपीवाले. गावात आम्ही बोलायचो त्यातलं अर्धं इथं कुणाला कळायचं नाही. माय दुकानात "कितीला हाय" म्हणायची आणि दुकानदार "क्या बोली?" म्हणायचा. सहा महिन्यांत तीही "भैया, थोडा कम करो" म्हणायला लागली.

माय घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. बोटांना सतत गोंद. तसल्या उग्र गोंदाच्या हातांनी लेकराला घेता येत नाही, पाजता येत नाही. मग गावाकडची युक्ती: धुतलेल्या फडक्यात साखर बांधायची, टोक ओलं करायचं आणि चोखायला द्यायचं. मित्रा गप्प. माय हार पुरा करायची. फडकं वाळलं की मी पुन्हा ओलं करून द्यायची, ते माझं काम होतं. अडीच वर्षांची होईतो मित्राचे पुढचे चारही दात तपकिरी झाले होते आणि तीन वर्षांची झाली तेव्हा दाढेला खड्डा. चाळीतल्या बाया बघायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या. मराठीत, हिंदीत, गुजरातीत, पण वाक्य एकच: दुधाचे आहेत, पडायचेच आहेत.

या वाक्यानं किती लेकरांचे जबडे खाल्ले असतील? कुणी मोजले नाहीत. आमच्यासारख्यांचे दात मोजायला कोण बसलंय?

दाढ ठणकायला लागली तशी मायनं स्वतःची मिश्री काढली. तव्यावर जाळलेला तंबाखू. ती स्वतः रोज लावायची, गावात सगळ्याच लावायच्या. चिमूटभर तिनं मित्राच्या खड्ड्यात दाबली. चार वर्षांचं लेकरू. पाच मिनिटांत तिचे डोळे फिरले, घाम सुटला, भिंत धरून ओकली आणि ओकता ओकता पडली. माय तिच्या थोबाडीत मारत सुटली, "उठ गं, उठ गं." शुद्धीवर आली तेव्हा गालावर पाच बोटं उमटली होती आणि दाढ ठणकतच होती.

आता आबांच्या विम्याच्या कार्डाबद्दल.

त्याच वर्षी आबांच्या कारखान्यात कामगार मालकाशी भांडल्यावर एक योजना आली. कामगाराच्या घरच्यांसाठी आजारपणाचा विमा. आबांना पिवळं कार्ड मिळालं. त्या दिवशी ते चाळीत असे चालत आले जणू जमीनच मिळाली. "आपलं बी कार्ड हाय आता," ते म्हणाले आणि ते शर्टाच्या खिशात ठेवायला लागले, बिल्ल्यासारखं. कंपनीच्या ऑफिसातल्या बाबूनं सांगितलं होतं की पाच वर्षांपुढची मुलं त्यात येतात. मित्राला पाच वर्षं त्या दिवाळीतच पूर्ण झाली. पण कागदावर नाही.

कारण फॉर्म भरताना आबांनी तिची जन्मतारीख लिहिली होती एक जून. माझी एक जून. आबांची एक जून. मायची एक जून. आमच्या गावात सगळे एक जूनला जन्मतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकतात आणि घरच्यांना ती खरी वाटायला लागते. मित्रा जन्मली दिवाळीत. दिवे लागले होते, मला आठवतंय. पण कागद भरायचा म्हटल्यावर आबांच्या हातून एक जूनच उमटली, पुढच्या वर्षाची. सात महिने त्यांनी आपल्या हातानं तिच्या वयातून कापून टाकले.

"दुरुस्त करून आणा ना," मी म्हणाले. मी चौदा-पंधरा वर्षांची, शाळेत जाणारी, तोंडाळ.

"कागदात खाडाखोड केली तर कार्डच जाईल," आबा म्हणाले. "जूनपर्यंत कळ काढंल ती. मग मोठ्या डॉक्टराकडं नेऊ. फुकाट. आपल्या हक्काचं."

हक्काचं! त्या शब्दानं आमची वाट लावली. स्टेशनाकडं दातांचा दवाखाना होता, पाटी मी रोज वाचायची. पण हक्काचं सोडून पदरचं कशाला द्यायचं, असा हिशेब. मित्रा दिवाळीपासून एका बाजूनं चावत होती. संक्रांतीपासून चावायचंच सोडलं, भात पाण्यात कालवून गिळायची. होळीच्या सुमाराला गाल सुजला. आबा कॅलेंडर बघायचे.

मग एका रविवारी दुपारी तिच्या रडण्यानं त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "चल." माय हातात चिमटा घेऊन बसली होती, हार संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. आम्ही काशीमीऱ्याला गेलो.

हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत, छत्रीखाली एक माणूस बसायचा. पुढं लाल कापड, कापडावर उपटलेल्या दातांचा ढीग, दोन बाटल्या, तीन पक्कडी. ढीग जितका मोठा तितका माणूस हुशार, असं आबांना वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"बच्ची है, हिलेगी," तो म्हणाला. "आप पैर पकड़ो. बेटी, तू सिर पकड़. हिलने मत देना."

आबांनी तिच्या मांड्यांवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हात धरले. डोकं मी धरलं. हे वाक्य मी इतकी वर्षं कुठं लिहिलं नव्हतं. डोकं मी धरलं. दोन्ही तळव्यांत तिचे कान होते. त्यानं तिच्या दातांत लाकडाचा तुकडा अडकवला आणि पक्कड आत घातली. मित्राचं किंचाळणं मला ऐकू आलं नाही, कारण शेजारून ट्रकांची रांग जात होती. फक्त तिचं अख्खं डोकं माझ्या हातात थरथरताना जाणवलं. कट्ट झालेलं मात्र तळव्यांना कळलं. रक्त माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. लाकूड निसटलं, मी ते सावरायला गेले आणि तिनं माझा अंगठा हाडापर्यंत चावला. बरं केलं.

"निकल गया," माणूस म्हणाला आणि अर्धी दाढ त्यानं ढिगावर टाकली. अर्धी. मुळं आतच.

घरी आलो तर मावशी दारात. तिनं मित्राचं तोंड बघितलं, माझा हात बघितला आणि आबांना म्हणाली, "काय रं, पोर हाय का बकरा हाय तुजा? कापायचाच व्हता तर आमच्या खाटकाकडं न्यायचास, त्यो तरी साफ कापतो."

तिसऱ्या दिवशी मित्राचा डोळा सुजेत बुडाला. जबडा आणि मान एक झाली. तोंड उघडेना, थुंकीही गिळता येईना, अंग तव्यासारखं. माय ओरडली, "कार्ड घाला चुलीत, माझं लेकरू चाललंय!" आयुष्यात पहिल्यांदा ती आबांवर ओरडली आणि पहिल्यांदाच तिनं त्यांना मारलं, गोंदाच्या डब्यानं. कपाळ फुटलं. तसंच रक्त पुसत आबांनी टेंपो आणला आणि आम्ही मुंबईतलं मोठं सरकारी रुग्णालय गाठलं.

तिथली डॉक्टरीणबाई आमच्याकडं न बघता विचारत होती.

"कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि थांबलात कशासाठी?"

"एक जूनसाठी," आबा म्हणाले.

"एक जूनला काय आहे?"

"वाढदिवस."

तेव्हा तिनं मान वर करून बघितलं. फुटक्या कपाळाचा बाप, गोंदाळ हातांची आई, अंगठ्याला चिंधी बांधलेली मी. तिला काय वाटलं असेल, मी आजही विचार करते.

जबड्याखालून चिरून पू काढला. एक रात्र आणखी गेली असती तर श्वास बंद झाला असता, असं तिनं मला बाहेर उभं करून सांगितलं, कारण मोठ्यांना सांगून उपयोग नाही हे तिला कळलं होतं. मी विचारलं, मग आणायचं कधी होतं? ती म्हणाली, "पहिला दात दिसतो ना, तेव्हा. वर्षाच्या आत. दुखायला लागल्यावर आणणं म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणं. आणि दुधाची दाढ दहा-अकरा वर्षं तोंडात राहायची असते, खालच्या पक्क्या दाताची जागा राखत."

मित्रा घरी आल्यावर आबा कार्ड घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. मी बरोबर गेले, आता मी सोडणार नव्हते. बाबूनं कागद उलटे-सुलटे केले.

"दात यात येतच नाही हो."

"पाच वर्षांनंतर बी?"

"पन्नास वर्षांनंतरही नाही. अपघात असेल तरच. पडली का कुठं? कुणी मारलं का?"

म्हणजे ती सगळी वाट, ते सात महिने, ते कॅलेंडर, सगळं एका नसलेल्या दारासमोर होतं. मग आबा म्हणाले, "मी मारलं."

"काय?"

"मी मारलं तिला. लिवा. बापानं मारलं."

बाबूनं पेन खाली ठेवलं. "अहो, घरच्यांनी मारलेलं चालत नाही. आणि मुलगी कुठं पाच वर्षांची झालीय?"

आबांनी कार्ड फाडलं नाही. आमच्यासारखी माणसं कागद फाडत नाहीत. ते बाहेर येऊन फूटपाथवर बसले आणि स्वतःच्या थोबाडीत मारायला लागले, एक, दोन, मग दोन्ही हातांनी. मी धरायला गेले तर मलाही एक लागली. लोक थांबून बघत होते.

म्हणून मी हे लिहिते. आमच्या सात-आठ पोरापोरींच्या गटानं गोडदेवपासून मोरव्यापर्यंत घराघरांत सांगत सुटायचं ठरवलं ते म्हणून. लेकरू जन्मलं त्या दिवसापासून विम्यात पाहिजे आणि त्याचं तोंड त्यात पाहिजे. हात मोडला तर देता, डोकं फुटलं तर देता, आणि दात किडला तर म्हणता कुणी फोडला होता का? कसली ही योजना, जिला लेकराच्या तोंडाची ओळख फक्त कुणीतरी ते फोडल्यावरच पटते? जे कामगार पुढच्या करारावर सही करणार आहेत त्यांनी मागची बारीक अक्षरं आधी मोठ्यानं वाचून घ्या. आणि तोवर विम्याची वाट बघू नका. मायांनो, तुमचा दोष नाही म्हणून मी तुम्हाला गोंजारणार नाही. फडक्यात साखर माझ्या मायनं बांधली, ओली मी केली. दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.

मित्रा आता अकरा वर्षांची आहे. त्या जागी पक्का दात वाकडा आला, पिवळा, खडबडीत. जबड्याखाली बोटभर व्रण. गेल्या महिन्यात मी म्हणाले, पत्रकावर तुझा फोटो छापते, लोकांना धडा मिळेल. ती भडकली.

"माझं तोंड आहे ते, ताई. तुझी पत्रकं चिकटवायची भिंत नाही. आणि किती लिहितेस? दात आला, डॉक्टरकडे ने. एवढंच लिही ना. बाकीचा सगळा तुझा राग आहे."

राग आहेच.

गेल्या आठवड्यात चाळीत परभणीकडचं एक नवं बिऱ्हाड आलं. बाईच्या कडेवर आठ महिन्यांचं पोरगं, खाली दोन दात. मी पत्रक काढेपर्यंत मित्रानं त्याला उचलून घेतलं होतं. ती त्या बाईला सांगत होती, उद्या सकाळी मी येते, आपण दवाखान्यात जाऊ, डॉक्टर फक्त बघतात, दुखत नाही. दातांचा दवाखाना आणि दुखत नाही, हे त्या तोंडातून! बाई तिच्या व्रणाकडं बघत राहिली. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या गं?"

मी तोंड उघडलं. हा प्रश्न आला की दहा वर्षं मी परतूर सांगत आलेय. आबा, माय, सगळे तेच सांगतो.

"इथल्याच," मित्रा म्हणाली. पोरगं दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दवाखाना कुठं आहे ते हातानं दाखवायला लागली.

तिला विचारून कुणी इथं आणलं नव्हतं. इथंच आम्ही तिला आडवं पाडलं, इथंच ती मरता मरता राहिली. आणि हेच तिचं घर आहे. आम्हाला तिनं त्यात ठेवून घेतलंय.