मागच्या सीटचं माप

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आमच्या उइटहॉर्नहून समुद्र काही फार लांब नाही. शहाणी माणसं मोटारीत बसतात, तासाभरात पोचतात आणि उरलेला वेळ पार्किंग शोधण्यात घालवतात. आम्ही मात्र मे महिन्यातल्या त्या शनिवारी असे निघालो, की बघणाऱ्याला वाटावं लडाखलाच चाललोय. शेजारचे हेंक आजोबा मोटारसायकल दोन्ही हातांनी धरून उभे होते, मी अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, आधार देऊन मागच्या सीटवर चढवत होतो, आणि ती हेल्मेटच्या आतून एक अक्षर बोलत नव्हती. सगळं जागच्या जागी बसल्यावर हेंक आजोबा मला म्हणाले, "हळू जा. समुद्र कुठे पळून जात नाही."

मी हळूच जाणार होतो. मला धास्ती समुद्राची नव्हती, मागे बसलेल्या माणसाची होती.

गेल्या वर्षी अनघाला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, सावकाश पण स्वच्छ. उजवा हात आणि उजवा पाय मात्र अर्धेमुर्धेच परत आले. घर, हॉस्पिटल आणि हाउसआर्ट्स (आपल्या भागातला नेमून दिलेला डॉक्टर) यांपलीकडे तिचं जाणंयेणं उरलं नाही. हिवाळ्यात एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "मिलिंद, मला पुण्याला नेऊन सोड. दादाकडे राहीन." मी म्हटलं, उन्हाळा तर येऊ दे. "ठीक आहे," ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत." त्याच आठवड्यात मी मोटारसायकल विकत घेतली. पुण्यात आम्ही दर रविवारी पानशेत नाहीतर मुळशी गाठायचो, आमचं लग्नही एका अर्थी मोटारसायकलवरच ठरलं. ती पुन्हा मागे बसली की पुण्याचं नाव काढणार नाही, असं माझं सरळसोट गणित होतं.

गाडी म्हणजे अडीचशे सीसीची जुनी जपानी क्रूझर. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका सुरिनामी गृहस्थाच्या फ्लॅटखाली गंज खात उभी होती. क्रूझरच घ्यायची, कारण तिची सीट बुटकी असते आणि पाय फार उचलावा लागत नाही. अनघाचा पगार थांबल्यापासून आमच्याकडे हात आखडूनच खर्च होतो, तेव्हा गॅरेजात काम देण्याचा प्रश्नच नव्हता. घरामागच्या स्खूरमध्ये (सायकली आणि अवजारं ठेवायची लाकडी खोली) मी माझं दुकान मांडलं.

पाठीचा टेकू भंगारातल्या एका दांडग्या गाडीचा मिळाला. सीटचं कातडं मिळालं सोफ्याचं. इथे लोक नकोसं सामान ठरलेल्या दिवशी फुटपाथवर आणून ठेवतात आणि नगरपालिकेचा ट्रक यायच्या आत ज्याला हवं तो घेऊन जातो. ऑफिसला निघालेला मी, पाठीला लॅपटॉप आणि हातात चाकू, भर रस्त्यात सोफा सोलत बसलो होतो. हूफडॉर्पच्या ऑफिसात हे अजून कुणाला ठाऊक नाही. फोम पाव कापायच्या सुरीने तासला. पाय ठेवायला जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या केल्या, त्यांवर पायपुसण्याचं रबर डकवलं आणि उजव्या पाटीला टाच अडेल अशी कड वळवली. टाकीला काळा रंग मारला त्या दिवशी हवा दमट होती. रंगाला सायीसारख्या सुरकुत्या पडल्या, मग सगळा घासून पुन्हा मारला. सगळ्यात शेवटी मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी ऑफिसच्या एका जुन्या खुर्चीचे हात बसवले, चढता-उतरताना वर उचलता येतील असे. त्या हातांवर मी बेहद्द खूश होतो. अनघाची फिजिओथेरपिस्ट येऊन बघून गेली, "डाव्या हाताची पकड चांगली आहे, जाऊ द्या," म्हणाली. गाडी सरकारी तपासणीतूनही सुखरूप बाहेर पडली.

मापं घेताना मी अनघाला स्टुलावर बसवायचो. कोपरापासून कंबर, गुडघ्यापासून टाच. ती मुकाट्याने बसायची. गुडघ्याला ऐसपैस जागा हवी म्हणून मी तिची सीट आणि टेकू चांगले वीतभर मागे घेतले. "बरं वाटेल ना?" मी विचारायचो. "वाटेल की," ती म्हणायची.

आल्समेरपर्यंतचा रस्ता काचेच्या घरांचा आहे. मैलोन्‌मैल काच, आत फुलं. रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर ड्रेम्पल (गतिरोधक) येतात आणि प्रत्येक ड्रेम्पलला मी गाडी जवळजवळ ढकलत नेल्यासारखी चालवत होतो. शेजारच्या फीट्सपाडवरून (सायकलींच्या वेगळ्या वाटेवरून) एक आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या, तेही सायकलीला भाजीची पिशवी लावून. हँडलला मी सायकलचा एक छोटा आरसा जास्तीचा बसवला होता, खास अनघावर लक्ष ठेवायला. त्यात तिचं हेल्मेट दिसायचं, काचेवर आभाळ दिसायचं आणि त्यापलीकडे काही कळायचं नाही. मग मी गाडी कडेला घ्यायचो आणि मागे वळून विचारायचो, "बरी आहेस ना?"

"हो."

लायमाउडनच्या अलीकडे असा पुन्हा थांबलो तेव्हा तिने हेल्मेटची काच वर केली. "मिलिंद, आता विचारलंस तर मी उतरून चालायला लागेन."

पुढे पूल वर उचललेला होता. एक शिडाची होडी आपल्याच नादात चालली होती आणि दोन्ही काठांवर गाड्या गुमान उभ्या होत्या. इथे होडी गेल्याशिवाय कुणी हॉर्न वाजवत नाही. मी इंजिन बंद केलं. ती शांतता मला आवडली होती, म्हणून मी उत्साहाने म्हटलं, "मजा येतेय की नाही?"

अनघाने उत्तराला वेळ घेतला. हल्ली शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, पण हा वेळ तो नव्हता.

"मी मागे आहे हे तुला कशावरून कळतं?"

"आरसा आहे ना."

"मला तुझी फक्त पाठ दिसते. हात पोचत नाही. दोन्हीकडून दांडे आहेत. हॉस्पिटलच्या खुर्चीतून कुणीतरी ढकलत नेतंय असं वाटतं. फक्त वारा जास्त."

मला राग आला. इतके महिने थंडीत बोटं सोलवटून घेतली ती काय हे ऐकायला, असं अगदी जिभेवर आलं होतं. पूल खाली आला, मागच्या गाडीने दिवा चमकवला आणि मी निघालो. पुढचा सगळा रस्ता मी फुगूनच गाडी चालवली. लिसच्या बाजूला ट्यूलिपची शेतं लागली, तर तिथे फुलंच नव्हती. कंदाला बळ यावं म्हणून शेतकरी फुलं वेळीच छाटून टाकतात. लाल-पिवळ्या पाकळ्यांचे ढीग बांधावर कुजत पडले होते आणि नुसत्या हिरव्या दांड्या वाऱ्यात हलत होत्या.

नोर्डवाइकला समुद्र करडा होता आणि वारा झोंबणारा. ठेल्यावरून किबलिंग (पिठात घोळून तळलेले माशाचे तुकडे) घेतलं. अनघाला डाव्या हाताने काटा धरायची सवय झाली आहे, पण वाऱ्याने कागदी द्रोण पळायला लागला. मी तो धरायला धावलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. तिने द्रोण आपल्या उजव्या मनगटाखाली दाबला आणि निवांत खाल्लं. ठेल्यावरची बाई गाडीकडे बघत होती.

"घरी केलीत?" तिने विचारलं.

"हो, मीच केली," मी जरा छाती काढून म्हणालो.

"आणि मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसून पाहिलंत?"

मी नाही म्हणालो. ती हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मग मी गाडीपाशी गेलो आणि मागच्या सीटवर बसलो. अनघा बाकावरून बघत होती. खुर्चीच्या हातांनी मला दोन्ही बाजूंनी कोंडलं. पुढची सीट रिकामी होती आणि हात लांबवला तर बोटं जेमतेम तिच्या कडेला लागत होती. सगळं मऊ होतं, भक्कम होतं, आणि त्यात बसलेल्या माणसाला करायला काही उरलंच नव्हतं. मी हे तिच्यासाठीच केलं होतं आणि तिला एकदाही धड विचारलं नव्हतं. समोर तिचं जाकीट वाऱ्याने फडफडत होतं आणि मला एकदम भरून आलं.

सीटखालचे पाने काढले. चार बोल्ट काढले, खुर्चीचे दोन्ही हात सुटले. सीट आणि टेकू एकाच पट्टीवर होते, पट्टीला लांबट भोकं होती.

"कुठे घेऊ, तूच सांग," मी म्हणालो.

अनघा लंगडत आली, डावा हात सीटवर ठेवून उभी राहिली. "पुढे. अजून. अरे, अजून! आपण काय अनोळखी आहोत?"

सीट माझ्या सीटला टेकेपर्यंत पुढे आली. तिने बसून पाहिलं, गुडघे अवघडल्यासारखे दिसत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

परतीला तिचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. दाब वाढला की वेग कमी, टपली मारली की थांब, हे पानशेतच्या रस्त्यावर ठरलं होतं आणि आम्हा दोघांच्याही लक्षात होतं. हिलेगोमच्या पुढे मोकळा रस्ता लागल्यावर खांद्याला असा काही रट्टा बसला की मी दचकलो. थांबू का, असं ओरडून विचारलं. "पळव!" मागून आवाज आला. मी पळवली. आमची अडीचशे सीसीची म्हातारी धापा टाकत पळाली आणि हेल्मेटमध्ये मला अनघाचं हसणं ऐकू आलं. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. आता ही जात नाही.

रिंगफार्टच्या (सखल जमिनीभोवती फिरवलेल्या कालव्याच्या) बांधावर तिने टपली मारली आणि आम्ही थांबलो. मी गाडी स्टँडवर लावून उतरलो. इथे एक गंमत दिसते. एका बाजूला पाणी उंचावर, दुसऱ्या बाजूला शेतं आणि घरं खाली. लोक खाली गवत कापत होते, वरून होड्या जात होत्या.

"मी जाते पुण्याला," अनघा म्हणाली.

मला आधी वाटलं, ती गंमत करतेय.

"पण तू सोडायला येऊ नकोस. एकटी जाईन. विमानतळावर खुर्ची मागून घेईन."

"अगं, पण आत्ता तर तू..."

"आत्ता बसले म्हणूनच सांगतेय. तू मला नेऊन सोडलंस तर मी तिथेही सामानासारखी पडून राहीन. दादा तुझ्यासारखाच आहे, चहासुद्धा हातात देईल. तिथे मला आधी सगळ्यांना नाही म्हणायला शिकायचंय."

"परत येशील?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "विचारू नकोस. मला माहीत नाही, मिलिंद. खरंच माहीत नाही."

मी तिला अडवण्यासाठी गाडी केली होती आणि ती त्याच गाडीवरून उठून निघाली होती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच वाकून साखळीचा ताण तपासला. साखळीला काही झालेलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. हेंक आजोबांच्या घराला कुलूप होतं. गाडी धरायला कुणी नाही हे पाहून मी स्टँडकडे पाय नेला, तोच खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"तू हलू नकोस," अनघा म्हणाली. "नुसती सरळ धर."

मी दोन्ही पाय जमिनीवर रोवले, ब्रेक आवळला. तिने डावा पाय पाटीवर दाबून उभं राहायचा प्रयत्न केला. गाडी डुगडुगली. उजवा पाय सीटवर अडकला, तिने हाताने तो ओढला, पुन्हा अडकला. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मागे वळून तिला धरावं म्हणून माझे हात शिवशिवत होते, पण मी हँडल सोडलं असतं तर गाडी तिच्याच अंगावर पडली असती. म्हणून मी समोर बघत बसून राहिलो. खांद्यावरचं ओझं वाढलं, खूप वाढलं, आणि मग एकदम गेलं. तिची पावलं घराकडे जाताना ऐकू येत होती, एक टेकणारं आणि एक घासत जाणारं. दार उघडलं, तरी मी गाडी तशीच सरळ धरून बसलो होतो.