संध्याकाळी पुन्हा ताकात

लीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर तिच्याच मिरच्या उलटत होतो. तिच्या मुलीचा, माधवीचा फोन. "मामा, आई गेली." हातातली मिरची मी परत ताटात ठेवली आणि जिना उतरलो...

ताई माझी थोरली बहीण, राहायला माझ्याच खालच्या मजल्यावर. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिने गच्चीवर मिरच्या लावल्या होत्या आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या सांडगी मिरच्या करायची. बायको गेल्यापासून मी नुसता बसून असायचो, ते तिला बघवेना. गेल्या वर्षी तिने मला कामाला जुंपलं. मिरचीला चीर द्यायची, मेथी, जिरं, हिंग, मीठ भरायचं, रात्रभर खारट ताकात ठेवायची आणि सकाळी उन्हात. पहिल्याच दिवशी मिरच्या उन्हात गेल्यावर मी शहाणपणा केला. उरलेलं ताक ओतून पातेलं लख्ख घासून ठेवलं. संध्याकाळी ताईने ते पाहून कपाळावर हात मारला. "अरे, मिरच्यांचं जेवण मोरीत ओतलंस! रोज संध्याकाळी त्या परत ताकात जातात रे, सगळं पिऊन संपवेपर्यंत." बँकेत साहेब होतो मी, पण तेव्हा दही आणायला निमूट खाली उतरलो.

यंदा मिरच्या तोडायला आल्या आणि ताईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. म्हटलं, राहू देत या वर्षी. तर पलंगावरून म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नकोस, जून झाल्या तर वाट लागेल. एकट्याने कर. जमतंय का बघू दे ना मला." मला तिला करून दाखवायचंच होतं. तिसऱ्या दिवशीच्या उन्हात तो फोन आला.

स्मशानातून परतलो तोवर उन्हं उतरली होती. आंघोळ केली आणि गच्चीवरचं ताट आठवलं. सुतकात हे करावं की करू नये? असलं काही विचारायचं ते नेहमी ताईलाच... मी ताट खाली आणलं आणि मिरच्या ताकात सोडल्या. तेव्हा कुठे मला रडू आलं.

तेराव्यानंतर माधवी बंगळूरला परत जायला निघाली. दहीभाताबरोबर मी तिला दोन मिरच्या तळून वाढल्या. पहिली मोडून खाल्ली आणि तिचे डोळे भरले. "आईच्या हातच्या शेवटच्या ना, मामा?"

मी हो म्हणालो. उरलेल्यांची बरणी तिच्या कपड्यांत नीट गुंडाळून बॅगेत ठेवली. ताई, जमलं गं मला.