बातमीत नाव कुसुमचं

गोव्यातल्या पार्सें गावाहून मी निघाले तेव्हा निरोपाला कोणी आलं नाही. बाबा काजूच्या बागेत जाऊन बसले. आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पावल्यावर कागद घाल." कागद म्हणजे पत्र. माझा एक कागद त्या घराला आधीच जड झाला होता.

आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. त्याचा अभिमान होता, आजही आहे. वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, सगळे अर्ज लिहायला माझ्याकडे यायचे. म्हणून शेजारच्या कुसुमची आईही माझ्याकडेच आली. कुसुम अकरा वर्षांची. वाड्यावरच्याच ज्या मास्तरांकडे ती शिकवणीला जायची, त्यांनी तिच्याशी काय केलं ते ती माउली पदर तोंडात कोंबून सांगत होती. मास्तर देवस्थान कमिटीतले. त्यांना कोण बोलणार?

आम्ही तिघी चौकीवर गेलो. हवालदाराने कुसुमला एवढंच विचारलं, "जखम खंय आसा?" अंगावर दाखवायला जखम नव्हती; तिने आईचा पदर धरला. "मगे कलम खंयचें लावूं?" मुलांसाठी तेव्हा वेगळा कायदाच नाही, हे मला, बी.ए. झालेलीला, ठाऊक नव्हतं. वर हवालदार लेकराकडे बघून हसत म्हणाला, "भुरगें तें, विसरतलें. देवळांत मिटवा."

आणि मिटवलं. मास्तरांनी देवापुढे नारळ ठेवला, 'चूकभूल पोटात घाल' म्हणून गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि त्याच नारळाचा तुकडा कुसुमच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवला. तिने तो खाल्ला. सगळे बघत होते. मीही.

दुसऱ्या दिवशी मी एका वर्तमानपत्राला लिहिलं. ते दिवस भाषेच्या भांडणाचे. कोकणी की मराठी, गोव्याचं वेगळं राज्य होणार की नाही, यानेच पानं भरलेली. खाली कोपऱ्यात चार ओळी आल्या. कुसुमचं नाव, बापाचं नाव, वाडा. आणि मास्तर? 'एक प्रतिष्ठित गृहस्थ.' मी पान उलटून पाहिलं. वाटलं, उरलेलं मागे असेल.

जाब विचारायला पेपराच्या कचेरीत गेले. "नाव छापलं तर अब्रूनुकसानीचा दावा लागतो, बाई," एक जण समजुतीने म्हणाला. कुसुमची अब्रू त्याच्या हिशेबातच नव्हती.

कुसुमची शाळा कायमची सुटली. तिला सावंतवाडीकडे आजोळी धाडलं. बाबा म्हणाले, "तुका शिकयलां तां गावाची लाज पेपरात घालूक?"

मग घर सोडून मुरगाव बंदर. शिपिंग ऑफिसात टायपिस्ट झाले, स्कूटर शिकले, नवरा-मुलं, फ्लॅट. खनिजाच्या बोटीचा एक कागद चुकला तर बोट हलत नाही, आणि माझ्या त्या कागदाने गावात काहीच हललं नव्हतं, हे आठवून मी कित्येकदा हात थांबवून बसले आहे.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. आपण बोललो नाही, एवढंच.

आई गेली तेव्हा गावच्या घरी कुसुम भेटायला आली. केस पिकलेले. शेजारी बसली आणि एकच विचारलं, "ताई, तुझ्या कागदात तेचां नाव होतां?"

"होतां. पयल्याच ओळीत."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, मीच मास्तरांचं नाव गाळलं. ती उठली, चहाचं आधण ठेवलं, म्हणाली, "मगे पुरे."

तिला पुरे झालं. मला नाही. पार्सें माझं घर आहे असं मी आजही सांगते, पण लोक विचारतात कुणाच्या शेजारचं, तेव्हा मी कुसुमच्या बापाचं नाव घेत नाही. ते एकदा छापून झालं आहे. मी मास्तरांचं घेते, पूर्ण, आडनावासकट.